एका डिस्कच्या चाळीस नकला

शाळेच्या संगणक कक्षात पहिला तास भरतो तेव्हा चाळीस पडद्यांवर तीच चिन्हे त्याच जागी दिसतात, शिक्षकाने सांगितलेली कृती चाळीस विद्यार्थी एकाच वेळी करू शकतात, आणि ज्या मुलाने काल खिडकीजवळच्या यंत्रावर काम केले तो आज दाराजवळच्या यंत्रावर निःशंकपणे बसतो. ही एकरूपता यंत्रांच्या ठायी उपजतच असते असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो समज अबाधित राहणे हेच कक्ष सांभाळणाऱ्या माणसाच्या कौशल्याचे प्रमाण होय. एका यंत्राची डिस्क सर्व साधनसामग्रीनिशी सिद्ध करावयाची, तिची बरहुकूम नक्कल, जिला या व्यवसायात इमेज म्हणतात, एका फाइलीत साठवून ठेवावयाची, आणि ती नक्कल कक्षातील साऱ्या यंत्रांवर, शिकणाऱ्यांच्या व शिकविणाऱ्यांच्या कामात व्यत्यय न आणता उतरवावयाची, या उद्योगाला आज चार दशकांचा इतिहास आहे. तो फारसा कोणी लिहिला नाही, कारण जे काम उत्तम झाले असता कोणाच्याच लक्षात येत नाही त्याची नोंद संस्थेच्या दप्तरात होत नाही. नकला किती वेगाने उतरू लागल्या हा त्या इतिहासाचा एक भाग झाला. परंतु त्याचा कणा, माझ्या मते, एका जुन्या आणि पुनःपुन्हा विसरल्या गेलेल्या प्रश्नात आहे: यंत्रावर जे जे साठविलेले असते त्यातील संस्थेचे काय आणि विद्यार्थ्याचे काय?

आपल्या देशातील शाळांत संगणक प्रथम मोठ्या प्रमाणावर आला तो १९८४-८५ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘क्लास’ या प्रायोगिक योजनेद्वारे, आणि त्या योजनेसाठी निवडलेले यंत्र इंग्लंडातील केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो हे होते. या यंत्राचा येथे मुद्दाम उल्लेख करण्याचे कारण असे की, त्याची कार्यप्रणाली आणि त्यावरील बेसिक ही भाषा, दोन्ही कायमस्वरूपी वाचनस्मृतीच्या चिपांमध्ये, म्हणजे रॉममध्ये, कोरलेल्या होत्या. विद्यार्थ्याने दिवसभरात काहीही केले तरी वीज बंद करून पुन्हा चालू करताच यंत्र कारखान्यातून निघाल्यासारखे स्वच्छ होऊन समोर येई, आणि विद्यार्थ्याने लिहिलेला कार्यक्रम त्याच्या स्वतःच्या कॅसेटवर किंवा फ्लॉपीवर त्याच्यापाशीच राही. संस्थेचे ते चिपेत आणि विद्यार्थ्याचे ते त्याच्या खिशात, अशी ही नैसर्गिक वाटणी होती. तिच्यासाठी कोणी विचार केला होता असे नाही. तत्कालीन यंत्ररचनेतूनच ती आपोआप निष्पन्न झाली होती, आणि म्हणूनच पुढे यंत्ररचना बदलली तेव्हा ती कोणाच्याही ध्यानात न येता नाहीशी झाली.

विचारपूर्वक हीच वाटणी जेथे करण्यात आली ते स्थळ म्हणजे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. १९८३ च्या मे महिन्यात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन आणि आयबीएम या दोन कंपन्यांच्या साहाय्याने तेथे प्रोजेक्ट अथेना या नावाचा उपक्रम सुरू झाला आणि तो १९९१ पर्यंत चालला. विद्यापीठाच्या आवारात शेकडो वर्कस्टेशने सार्वजनिक कक्षांत मांडावयाची आणि कोणत्याही विद्यार्थ्याला त्यांपैकी कोणत्याही यंत्रापुढे बसून स्वतःचे काम जसेच्या तसे पुढे चालू करता यावे, असा त्यांचा संकल्प होता. या संकल्पातून त्यांनी जो सिद्धान्त काढला तो मला या सबंध इतिहासातील सर्वांत मोलाचा वाटतो: सार्वजनिक यंत्रावर विश्वास ठेवू नये आणि त्यावर कोणाचेही काही कायमचे ठेवू नये. विद्यार्थ्याच्या फायली मध्यवर्ती सर्व्हरवर राहत. कार्यप्रणालीचा मोठा भाग दूरस्थ डिस्कवरून, फक्त वाचता येईल आणि बदलता येणार नाही अशा रीतीने, प्रत्येक यंत्राला पुरविला जाई. ओळख पटविण्यासाठी कर्बेरॉस ही स्वतंत्र व्यवस्था निर्माण करण्यात आली, जी आज जगभरातील कार्यालयांत नकळत वापरली जाते. अशा यंत्राची डिस्क रात्रीतून बदलली काय किंवा सबंध यंत्रच बदलले काय, सकाळी येणाऱ्या विद्यार्थ्याला त्याची गंधवार्ताही लागण्याचे कारण नव्हते. वापरणाऱ्याला उपद्रव न देता कक्ष अद्ययावत ठेवण्याचा प्रश्न १९८० च्या दशकातच तत्त्वतः सुटला होता. परंतु तो सुटला होता प्रचंड द्रव्यबळ आणि युनिक्स जाणणारी माणसे ज्यांच्यापाशी होती अशा एका विद्यापीठात, आणि आयबीएम पीसीच्या नकली जातींवर, ज्यांस आपल्याकडे ‘असेंबल्ड’ म्हणत, चालणाऱ्या सामान्य शाळा-महाविद्यालयांपर्यंत तो उलगडा पोहोचलाच नाही.

तथापि महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालये, पॉलिटेक्निक आणि खासगी संगणक संस्था यांच्या कक्षांत १९९० च्या आगेमागे एक पद्धत रूढ झाली होती, जी अथेनाची दूरची नातलग म्हणता येईल. नॉव्हेल कंपनीची नेटवेअर ही प्रणाली एका सर्व्हरवर चालवावयाची आणि विद्यार्थ्यांच्या यंत्रांत हार्ड डिस्क मुळी बसवावयाचीच नाही, अशी ती पद्धत. हार्ड डिस्क महाग होती हे तिचे मूळ कारण. अशा ‘डिस्कलेस नोड’च्या नेटवर्क कार्डावर बूट रॉमची एक चिप बसविलेली असे, यंत्र चालू होताच ती चिप सर्व्हरला हाक घाली, आणि सर्व्हरवर साठविलेली एका बूट फ्लॉपीची नक्कल तारेवरून यंत्राच्या स्मृतीत येऊन डॉस सुरू होई. ती नक्कल तयार करण्यासाठी डॉसजेन नावाची एक छोटी आज्ञा होती आणि तिच्यातून नेट-डॉलर-डॉस या नावाची फाइल सर्व्हरच्या लॉगिन निर्देशिकेत निर्माण होत असे. आपल्या शाळा-महाविद्यालयांतील डिस्क इमेजचा पहिला अवतार तो हाच. व्यवस्थापकाला कक्षातील साऱ्या यंत्रांच्या आरंभात बदल करावयाचा असल्यास तो एकच फाइल बदली. जे विद्यार्थी त्या क्षणी काम करीत असत त्यांच्या यंत्रातील डॉस आधीच स्मृतीत येऊन बसलेला असल्यामुळे त्यांना काही जाणवत नसे, आणि नवी नक्कल ज्याच्या त्याच्या पुढील आरंभाच्या वेळी आपसूक लागू होई. फ्लॉपीवरून पसरणाऱ्या बूट सेक्टर व्हायरसांचा तो सुवर्णकाळ होता. परंतु जेथे डिस्कच नाही तेथे घर करण्यास जागा नव्हती. पुढच्या पिढीला ज्या गोष्टी महागडी साधने खरेदी करून मिळवाव्या लागल्या त्या या दरिद्री व्यवस्थेत गरजेपोटी सिद्ध झाल्या होत्या, ही गोष्ट आपण अभिमानाने नमूद करावी अशी आहे.

विंडोज ९५ ने हे सारे मोडून टाकले. ऑगस्ट १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही प्रणाली १३ फ्लॉपींच्या संचावर किंवा एका सीडीवर मिळे. सर्व्हरवरून ती चालविण्याची सोय नावापुरती होती, प्रत्यक्षात मात्र तिला स्वतःची हार्ड डिस्क हवी होती. डिस्का स्वस्त होत चालल्या होत्या आणि अभ्यासक्रमांना नवी प्रणाली पाहिजे होती, तेव्हा प्रत्येक यंत्रात डिस्क आली, आणि डिस्केबरोबर प्रत्येक यंत्राला स्वतंत्र इतिहास आला. एका यंत्रावर कोणी खेळ चढविला, दुसऱ्यावर मुद्रकाचा ड्रायव्हर बिघडला, तिसऱ्यावर कोणी महत्त्वाची फाइल पुसून टाकली. चार महिन्यांत एकसारखी म्हणून आणलेली तीस यंत्रे तीस स्वभावांची होऊन बसत. एका यंत्रावर कार्यप्रणाली, ड्रायव्हर, ऑफिस, टर्बो सी, मराठी टंकलेखनाची प्रणाली असे सारे नव्याने घालावयास अर्धा दिवस सहज जाई, आणि कक्षातील मदतनीस दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत, जेव्हा शाळेचे आवार ओस पडलेले असे तेव्हा, एकामागून एक यंत्र ‘फॉरमॅट मारीत’ बसलेला असे. वापरणाऱ्यांना व्यत्यय न आणण्याचा त्या काळी उपलब्ध असलेला एकमेव उपाय म्हणजे वापरणारे नसतील ती वेळ साधणे, आणि त्याची किंमत तो मदतनीस आपल्या सुट्टीने चुकती करीत असे.

या कष्टावरचा उतारा आला न्यूझीलंडहून. ऑकलंड येथील बायनरी रिसर्च या संस्थेसाठी मरे हॅझर्ड या प्रोग्रामरने १९९५ च्या सुमारास घोस्ट नावाची प्रणाली लिहिली. फायली एकेक करून नकलण्याऐवजी तिने सबंध डिस्कची रचना उचलली, वापरात असलेला भाग तेवढा निवडला आणि तो एका फाइलीत बांधून दुसऱ्या डिस्कवर, तिचा आकार भिन्न असला तरी, पुन्हा मांडून दाखविला. एका फ्लॉपीवर मावणारी ही प्रणाली डॉसमधून चाले. नेटवर्क नसेल तर दोन यंत्रांच्या समांतर पोर्टांना तार जोडूनही तिचे काम होई. अर्ध्या दिवसाचे काम पाव तासावर आले. १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीने घोस्ट विकत घेतले. त्यानंतरही त्याचे मुख्य काम २००९ पर्यंत ऑकलंडमध्येच चालले आणि त्या वर्षी त्यातील बराचसा भाग भारतात हलविण्यात आला. आपल्याकडील कक्षांत मात्र घोस्टची फ्लॉपी त्यापूर्वी कितीतरी वर्षे आधीच रुजू झालेली होती.

शिळाप्रेसच्या दगडावर एकदा मजकूर उतरला की त्यातील गुणदोष प्रत्येक प्रतीत सारखेच उमटतात, तसेच या नकलेचे होते. आणि गुणांपेक्षा दोषांचे उमटणे व्यवस्थापकांना अधिक लवकर प्रत्ययास आले. प्रत्येक यंत्राला नेटवर्कवर स्वतःचे नाव लागते, आणि विंडोज एनटीच्या घराण्यातील प्रणालींत त्याशिवाय एक सुरक्षा-ओळखक्रमांकही असतो. नकलेबरोबर नावही नकलले गेल्याने तीस यंत्रे एकाच नावाने उठत आणि नेटवर्कवर परस्परांशी कलह करीत. मायक्रोसॉफ्टने यासाठी सिसप्रेप हे साधन दिले, जे इमेज घेण्यापूर्वी यंत्राची वैयक्तिक ओळख पुसून टाकते; मार्क रशिनोविच आणि ब्राइस कॉग्जवेल यांनी न्यूएसआयडी हे स्वतंत्र साधन लिहिले, आणि २००९ च्या नोव्हेंबरात रशिनोविच यांनी स्वतःच, यंत्राच्या ओळखक्रमांकाच्या पुनरुक्तीविषयीची भीती बव्हंशी निराधार होती असे जाहीर करून ते मागे घेतले. मायक्रोसॉफ्टने मात्र सिसप्रेपचा आग्रह सोडला नाही, आणि जे व्यवस्थापक नेमाने ते चालवीत राहिले त्यांनी शहाणपणाच केला असे माझे मत आहे. कारण नक्कल करण्यापूर्वी मूळ प्रतीतील वैयक्तिक ते वेगळे काढणे हीच या शास्त्राची पहिली शिस्त होय.

आता वेगाचा प्रश्न. दहा मेगाबिटच्या नेटवर्कवरून, जे त्या काळी आपल्या बहुतेक कक्षांत होते, सेकंदाला जेमतेम एक मेगाबाइट मजकूर वाहतो; म्हणजे एक गिगाबाइटची इमेज एका यंत्रावर जाण्यास सुमारे १७ मिनिटे आणि तीस यंत्रांवर एकामागून एक जाण्यास साडेआठ तास लागतात. तीसही यंत्रांनी ती एकदम मागितली तरी तार तीच असल्याने एकूण हिशेब बदलत नाही. उपाय उपलब्ध होता: स्टीव्ह डिअरिंग यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या मल्टिकास्ट पद्धतीनुसार सर्व्हरने प्रत्येक तुकडा एकदाच पाठवावयाचा आणि इच्छुक यंत्रांनी तो एकाच वेळी झेलावयाचा. नव्वदीच्या अखेरीस घोस्टने ही पद्धत अंगीकारली आणि साडेआठ तासांचे काम कागदोपत्री तरी पुन्हा १७ मिनिटांवर आले. कागदोपत्री म्हणण्याचे कारण असे की, या प्रकारात सारा तांडा सर्वांत मंद यंत्राच्या चालीने चालतो. एखाद्या यंत्राची केबल सैल असेल किंवा डिस्क कुरकुरत असेल तर उरलेली एकोणतीस तिच्यासाठी खोळंबतात.

याहून गंभीर असा एक उपद्रव या पद्धतीने निर्माण केला, आणि तो कक्षाच्या बाहेर प्रकट होत असल्याने पुष्कळदा त्याचे कारणच ओळखले जात नसे. साधा, व्यवस्थापन-क्षमता नसलेला स्विच मल्टिकास्टचा ओघ कोणाला हवा आणि कोणाला नको हे जाणत नाही. तो ओघ तो प्रत्येक पोर्टवर सोडून देतो. परिणामी संगणक कक्षात इमेज उतरत असताना तिकडे कार्यालयात फी भरून घेणाऱ्या कारकुनाचे यंत्र रखडे, ग्रंथालयातील नोंदणी थांबे, मुख्याध्यापकांच्या खोलीतील इंटरनेट बंद पडे, आणि कक्षात कोणी विद्यार्थी नसल्यामुळे आपण कोणालाच त्रास देत नाही अशा समजुतीत व्यवस्थापक शांत असे. ओघ कोणाला हवा हे ओळखणारी आयजीएमपी स्नूपिंग ही सोय असलेले स्विच घेणे, कक्षाचे नेटवर्क कार्यालयाच्या नेटवर्कपासून अलग करणे आणि प्रेषणाचा वेग मुद्दाम मर्यादित ठेवणे, हे तीन उपाय यावर योजले गेले. त्यांतील शेवटचा मला विशेष आदरणीय वाटतो, कारण साधनापाशी शक्ती असतानाही शेजाऱ्याच्या सोयीसाठी ती आवरून धरण्याचा विवेक त्यात आहे.

रात्रीची वेळ साधण्याची कलाही याच सुमारास परिपक्व झाली. १९९५ मध्ये एएमडी आणि हुलेट-पॅकार्ड यांनी मॅजिक पॅकेटची कल्पना मांडली: सहा ठराविक बाइट आणि त्यांमागून यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता सोळा वेळा, एवढाच मजकूर असलेला संदेश तारेवरून येताच झोपलेले यंत्र जागे होते. १९९९ पर्यंत इंटेलच्या पीएक्सई या मानकाने यंत्राला डिस्केची वाट न पाहता थेट नेटवर्कवरून आरंभ करण्याची मुभा दिली, म्हणजे नॉव्हेलच्या काळातील बूट रॉम नव्या रूपात प्रत्येक मदरबोर्डावर परतला. या दोहोंच्या योगाने मध्यरात्री यंत्रे आपोआप उठावीत, सर्व्हरकडून इमेज घ्यावी, नाव धारण करावे आणि पहाटेपूर्वी पुन्हा निजावे, अशी तजवीज शक्य झाली. परदेशांतील महाविद्यालयांत ती नित्याची झाली. महाराष्ट्रातील कक्षांत तिला एका भिन्न वास्तवाशी सामना करावा लागला. २००५ नंतरच्या काही वर्षांत मुंबईबाहेर भारनियमनाचा कहर होता, आणि अर्धी इमेज लिहिली गेली असता वीज गेली तर ती डिस्क ना जुन्या प्रणालीने उठे ना नव्या. म्हणून येथील मदतनिसांनी भारनियमनाचे वेळापत्रक पाहून इमेजची वेळ मुक्रर करण्याची वहिवाट पाडली, आणि सर्व यंत्रांवर एकदम हात न घालता एक रांग पुरी झाल्यावरच दुसरीला आरंभ करण्याचा नियम पाळला, ज्यायोगे अपघात झालाच तरी सकाळी निम्मा वर्ग तरी बसू शके.

त्यातच हे कक्ष एका मालकाचे राहिले नव्हते. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना होऊन एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम राज्यभर पसरला, आणि कित्येक शाळांचा कक्ष सकाळी शाळेचा व संध्याकाळी या अभ्यासक्रमाचा होऊ लागला. बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयाची परीक्षाही कनिष्ठ महाविद्यालयांच्या कक्षांतच संगणकावर घेतली जाऊ लागली. ज्याच्या दिवसात रिकामा तास उरलेला नाही अशा कक्षात नवी इमेज केव्हा उतरवावी हा मग तांत्रिक प्रश्न राहत नाही. तो वेळापत्रकाचा आणि चार विभागांच्या संमतीचा प्रश्न होतो. परीक्षेच्या आठवड्यात कक्षाला हात लावू नये हा अलिखित कायदा सर्वत्र झाला, आणि तो योग्यच आहे.

आता ज्या विषयाकडे मी वारंवार वळत आलो आहे त्याकडे सविस्तर यावयास हवे. इमेज उतरते म्हणजे डिस्कवर जे काही होते ते नष्ट होते. हे वाक्य व्यवस्थापकाला इतके परिचित असते की त्यातील कठोरपणा त्याला जाणवत नाही. परंतु त्या डिस्कवर डेस्कटॉपच्या एका कोपऱ्यात नववीतल्या मुलीने आठ तास खपून तयार केलेला प्रकल्प असतो, आणि सोमवारी ती तेथे येते तेव्हा तिला एक निर्मळ, निळा, रिकामा पडदा दिसतो. तिच्या दृष्टीने व्यत्ययाची व्याख्या वेगळी आहे. तास चुकला नाही, यंत्र बंद पडले नाही, नेटवर्क मंदावले नाही. तरीही तिचे जे गेले ते या साऱ्यांहून मोठे आहे. ज्या कक्षांत डिस्कचे दोन भाग करून सी भागावर प्रणाली आणि डी भागावर विद्यार्थ्यांचे काम ठेवण्याची चाल होती, आणि घोस्टच्या १९९७ नंतरच्या आवृत्त्यांनी एकच भाग नकलण्याची सोय दिल्यामुळे ती शक्य झाली होती, तेथे हा अनर्थ पुष्कळसा टळला. परंतु डी भागावर ठेवलेले काम त्याच एका यंत्राशी बांधलेले राही, आणि मुलगी पुढच्या वेळी दुसऱ्या यंत्रापुढे बसली तर ते तिला सापडत नसे. अथेनाने जे १९८३ मध्ये जाणले होते ते वीस वर्षांनंतर तुकड्यातुकड्याने पुन्हा शोधले जात होते.

कॅनडातील फॅरॉनिक्स कंपनीच्या डीप फ्रीझने याच सुमारास दुसरे टोक गाठले. त्या प्रणालीखाली डिस्कवर केलेला प्रत्येक बदल बाजूला लिहिला जातो आणि यंत्र पुन्हा सुरू होताच टाकून दिला जातो, म्हणजे बीबीसी मायक्रोची सकाळ हार्ड डिस्क असलेल्या यंत्राला परत मिळते. कक्षप्रमुखांना ती वरदानासारखी वाटली यात नवल नाही, आणि मीही तिचे मोल कमी लेखीत नाही. इमेज उतरविण्याचे प्रसंगच तिने विरळ केले. मात्र पेनड्राइव्ह विसरलेल्या विद्यार्थ्याचे काम ती दररोज, निरपवादपणे, पुसते. ज्या संस्थेने विद्यार्थ्याला सर्व्हरवर स्वतःची जागा दिली तिने डीप फ्रीझ वापरावे. जिने दिली नाही तिने ते वापरण्याचा अधिकार मिळविलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसा नसलेल्या शाळांच्या दृष्टीने पुढचा टप्पा मुक्त प्रणालींचा. तैवानच्या राष्ट्रीय उच्च-क्षमता संगणन केंद्रात स्टीव्हन शिआउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम डिस्कविना लिनक्स चालविण्याची डीआरबीएल ही व्यवस्था आणि तिच्या आधारे क्लोनझिला सिद्ध केले. २००७ मध्ये अमेरिकेतून फॉग हा प्रकल्प आला, ज्यात वेब पानावरून यंत्रे निवडून इमेजचे काम ठराविक वेळी नेमून देता येते. केरळने २००१ मध्ये सुरू केलेल्या आयटी@स्कूल उपक्रमात शाळांसाठी स्वतःची लिनक्स प्रणालीच घडविली. महाराष्ट्रातील कितीतरी शाळांत आज जी क्लोनझिलाची सीडी किंवा पेनड्राइव्ह कपाटात असते तिच्यामागे तैवानमधील त्या मंडळींचे श्रम आहेत.

दरम्यान एका घटनेने सबंध पद्धतीच्या पायालाच धक्का दिला. ११ ऑगस्ट २००३ रोजी ब्लास्टर हा वर्म इंटरनेटवर पसरू लागला. त्यापासून बचाव करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १६ जुलै रोजीच दिली होती. परंतु ज्या ज्या संस्थेने आपली इमेज त्यापूर्वीच्या सुट्टीत तयार केली होती तिच्या प्रत्येक नकलेत तो दोष कोरलेला होता, आणि अशा यंत्रांवर इमेज नव्याने उतरविली तरी नेटवर्कला जोडताच ती यंत्रे पुन्हा बाधित होऊन साठ सेकंदांची मोजणी दाखवीत बंद पडत. इमेज ही एका तारखेची असते आणि धोका दररोज नवा असतो, हे सत्य या एका प्रसंगात जगभरच्या कक्षप्रमुखांना समजले. त्यानंतर सर्वकाही भरलेली जड इमेज मागे पडून किमान प्रणालीची हलकी इमेज आणि वर स्वतंत्रपणे, वापर चालू असतानाच, उतरणारी पॅकेजे अशी रचना रूढ होऊ लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ओ क्लेअर येथील शाखेत मॅक यंत्रे सांभाळणाऱ्या झॅक हॅल्मस्टॅड यांच्या त्या कामाच्या अनुभवातून २००२ मध्ये जॅम्फ ही कंपनी उभी राहिली होती. शाळेच्या कक्षाचे दुखणे किती सार्वत्रिक होते हे तिच्या पुढील विस्तारावरून दिसते.

या इतिहासातील शेवटचे मोठे पाऊल २०११ च्या जूनमध्ये बाजारात आलेल्या क्रोमबुकने टाकले. त्याच्या डिस्कवर प्रणालीच्या दोन जागा असतात. विद्यार्थी एकीवर काम करीत असता नवी इमेज दुसरीवर गुपचूप लिहिली जाते, आणि यंत्र पुढच्या वेळी सुरू होते तेव्हा ते नव्या जागेवरून उठते. ती सदोष निघाल्यास जुनी जागा शाबूत असतेच. विद्यार्थ्याचे काम मुळातच यंत्राबाहेर असल्याने पुसले जाण्याजोगे तेथे काही नसते. रात्र लागत नाही, सुट्टी लागत नाही, कोणाची संमती मागावी लागत नाही. जुन्या वाटाही बुजत चालल्या: अॅपलने १९९९ च्या जानेवारीत एका सर्व्हरवरून पन्नास आयमॅक उठवून दाखविले होते. त्याच अॅपलच्या २०१८ च्या यंत्रांत नवी सुरक्षा-चिप आली आणि नेटवर्कवरून उठण्याची ती सोय निवृत्त झाली. सबंध डिस्क नकलण्याची कला मोठ्या संस्थांत अस्तंगत होत आहे, यात संशय नाही. मात्र जुन्या यंत्रांवर, तुटपुंज्या इंटरनेटवर आणि एका मदतनिसाच्या भरवशावर चालणाऱ्या आपल्या बहुसंख्य शाळांत ती अजून बराच काळ लागणार आहे.

म्हणून शाळांचे मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांना माझी विनंती आहे. वार्षिक वेळापत्रक आखताना कक्षाच्या देखभालीचे दिवस परीक्षांच्या दिवसांइतक्याच आस्थेने नेमून द्यावेत, आणि ते नेमताना कक्ष सांभाळणाऱ्या मदतनिसाला बैठकीस बोलवावे; इमेज उतरविण्यापूर्वी आठ दिवस फलकावर सूचना लावावी, आणि ती प्रथम एकाच यंत्रावर उतरवून एका वर्गाला त्यावर काम करू द्यावे; आणि सर्वांत आधी, एखादे जुने यंत्रच सर्व्हर म्हणून का होईना कोपऱ्यात ठेवून, प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या नावाची एक फोल्डरभर जागा द्यावी. एवढ्यास लागणारी सामग्री जवळजवळ प्रत्येक शाळेच्या अडगळीच्या खोलीत आज पडून आहे.